डाव्या हाताच्या बारा सह्या

कंपनी गुंडाळायला नेमलेल्या प्रिंगलबाई सकाळी दहाला आल्या, तेव्हा क्लिफर्ड हेस्केथने चहाची किटली आधीच ठेवली होती. त्याचा ब्रशांचा कारखाना बंद होऊन चार महिने झाले होते. आता प्रश्न राहत्या घराचा होता.

"गेल्या वर्षी कंपनीला नफा नव्हता," बाई म्हणाल्या, "तरी तुम्ही छत्तीस हजार पौंड लाभांश म्हणून उचललेत. नफ्याशिवाय लाभांश घेता येत नाही, मिस्टर हेस्केथ. ते परत द्यावे लागतील."

"लाभांश कसला, बाई! सकाळी सहाला कुलूप मी उघडायचो. डुकराचे केस विंचरून विंचरून बोटांची सालं निघाली. मेहनतीचे पैसे ते."

"मग पगार म्हणून का नाही लिहिलेत? मालकाने काम करून वाजवी पगार घेतला, तर तोट्यातही तो पगारच असतो."

त्या खोऱ्यातले सगळेच छोटे कारखानदार नावापुरता पगार घेत आणि बाकीचा लाभांश. कर कमी बसे. दर एप्रिलला हिशेबनीस वर्षभराचे लाभांशाचे बारा कागद आगाऊच पाठवी, आणि क्लिफर्ड आणि त्याची बायको डोरीन, दोघे संचालक, याच टेबलावर मटण भरलेली पेस्ट्री खाता खाता सह्या करून टाकत. शेवटच्या एप्रिलला डोरीनचा उजवा हात लुळा पडला होता. तिने डाव्या हाताने सह्या केल्या.

"क्लिफ, यंदा पगार लिही रे," ती म्हणाली होती. "ऑर्डरी कुठायत? नफा होणार कशावरून?"

"आणि कर कोण भरणार, तुझा बाप?"

ती अर्ध्या तोंडाने हसली होती. वर्ष संपता संपता ती गेली.

"दोघांनी पगार ठरवल्याची सभेच्या वहीत त्या वेळची एखादी ओळ असेल, तर शोधा," बाई उठताना म्हणाल्या. "मी गुरुवारी येते."

वहीत एप्रिलनंतरचं पान कोरं होतं. क्लिफर्डने वर्तमानपत्राच्या कडेला डोरीनची सही करून पाहिली. जमेना. त्याने पेन डाव्या हातात घेतलं. यावेळी हुबेहूब तीच सही उतरली, तिरका 'डी', शेवटी घसरलेली रेघ. तेवढा तुकडा फाडून त्याने शेगडीत टाकला.

गुरुवारी त्याने कोऱ्या पानाची वही आणि लाभांशाचे बारा कागद बाईंपुढे ठेवले.

"दुसरं काही नाही?"

"नाही."

"घर जाईल, मिस्टर हेस्केथ."

"ठाऊक आहे." त्याने सगळ्यात वरच्या कागदावरच्या डोरीनच्या सहीवरून अंगठा फिरवला. "यातला एक परत मिळेल का, काम झाल्यावर?"

"प्रत मिळेल. अस्सल कागद दप्तरात ठेवावे लागतात."

"प्रतीत पेन दाबल्याचा खड्डा येत नाही हो," तो म्हणाला आणि कागद सोडून दिला.