वर्दियाला न मिळालेले उत्तर

मित्रांनो, सिदी बेल अब्बेस या शहरातल्या विद्यापीठात जिन्याखाली, मोडक्या बाकांच्या मागे एक धुळकट लोखंडी कपाट उभे आहे. ते कपाट म्हणजे मी, एक जुना संगणक.

एके काळी मला स्वतंत्र खोली होती. पदार्थाच्या आत इलेक्ट्रॉन कसे वागतात, हे मी गणिताने सांगत असे. पाहुणे आले की आमचे प्राध्यापक, उस्ताद बूझियान, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "हा आमचा उंट! खातो थोडं, चालतो फार."

वर्दिया ही त्यांची विद्यार्थिनी. तिने मँगनीजचे एक अर्धवाहक संयुग अभ्यासाला घेतले होते. त्यातला प्रत्येक मँगनीज अणू म्हणजे इवलासा चुंबक. एकाचे तोंड वर, शेजाऱ्याचे खाली. त्यामुळे बेरीज शून्य, टाचणीसुद्धा चिकटायची नाही. तरीही वर तोंडाचे आणि खाली तोंडाचे अशा आतल्या इलेक्ट्रॉनांच्या दोन गटांची ऊर्जा वेगवेगळी असणार, असे वर्दियाला वाटे. ते दाखवता आले तरच तिचा प्रबंध उभा राहणार होता. उन्हाळ्याबरोबर तिची मुदतही संपत होती.

आमच्याकडे वर्षानुवर्षांची एकच रीत. स्फटिकातल्या ठरलेल्या सरळ दिशा घ्यायच्या आणि त्यांच्यावरच ऊर्जा मोजायची. मी मोजली. दोन्ही गटांच्या ऊर्जेच्या रेषा एकमेकींवर तंतोतंत बसल्या.

"बघ, काही नाही," उस्ताद म्हणाले.

"उस्ताद, आडवाटेनं बघू या ना! या ठरलेल्या वाटांवर रेषा जुळणारच."

"पोरी, हमरस्ता सोडून काटेरी रानात कशाला शिरतेस? शेळी हरवलीय का तुझी?"

सगळे हसले. वर्दियाही हसली, पण तिचे डोळे भरून आले. मला आडवाटा मोजता येत होत्या. पण विचारल्याशिवाय बोलणे माझ्या नशिबात नाही.

ती हट्टाने मागे लागली. अखेर ऑगस्टात उस्ताद म्हणाले, "घे, फेड तुझी हौस. मग रडत येऊ नकोस."

तोवर खोली गार ठेवणारे यंत्र बिघडले होते. म्हणून खिडकी सताड उघडी असे. वाळवंटाकडून येणाऱ्या शेहिली वाऱ्याने माझे पंखे धुळीने बुजवले. एकानेही ते पुसले नाहीत.

मी आडवाटेने निघालो आणि मित्रांनो, रेषा फाकल्या! एका दिशेला एक गट वर, दिशा वळवली की दुसरा वर. पोरीचे खरे होते. ते लिहून ठेवणार, तोच माझे अंग भाजून निघाले. आतली चकती करपली. सारे पुसले गेले.

"काही उरलंय का हो, उस्ताद?"

"नाही गं, बाळ. सगळं कोरं आहे." या वेळी त्यांनी थट्टा केली नाही.

दुसरे यंत्र नव्हते, दिवसही उरले नव्हते. वर्दिया डोंगरातल्या आपल्या गावी निघून गेली. आपले खरे होते, हे तिला कधी कळलेच नाही.

मित्रांनो, एखादे यंत्र धापा टाकताना ऐकू आले, तर त्याच्या पंख्यांवरची धूळ झटका. माझ्यासाठी नको, मी संपलो. पण त्याच्या पोटात कुणाचे तरी उत्तर तयार होत असेल, आणि ते ऐकायला कुणीतरी दाराशी ताटकळत बसले असेल.