जांभळा ठिपका

राखी दोन वर्षं पुण्याला मावशीकडे शिकून आली, तेव्हापासून ती ‘मला’ म्हणते. आम्ही अजून ‘मले’च. तेवढ्यावरून सारिका मॅडमनी तिच्या हातात पेन दिला आणि माझ्या हातात खणायची सब्बल. विज्ञानात मला तिच्यापेक्षा नऊ मार्क जास्त आहेत. हे मी कोणाला सांगत नाही, सगळ्यांना माहीतच आहे.

मॅडम नागपूरच्या एका प्रयोगशाळेतून आमच्या गावी आल्या त्या पंजाबराव काकांमुळे. काकांना आदल्या वर्षीच्या पोळ्यापासून ताप. छातीत पू झाला. पाच महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, पण टीबी नव्हताच. शेवटी कळलं की मातीत राहणारा एक जीवाणू त्यांच्या पायाच्या जखमेतून आत शिरला होता. काका औषधांनी वाचले, पण तो जीवाणू आला कुठून, हे शोधायला मॅडम माती गोळा करत होत्या. मदतीला आमच्या नववीतल्या दोन मुली घेतल्या.

“धम्मशीला, तू काटक दिसतेस. तू खणशील. राखी, तुझं अक्षर छान आहे, तू चिठ्ठ्या लिही.”

काटक! मी हातमोजे आणि गुडघ्यापर्यंतचे बूट चढवले, आणि वीस ठिकाणी फूट-फूटभर खड्डे खणले. राखी छत्री धरून पिशव्यांवर आकडे टाकत होती. मॅडम तिला ‘राखी बाळा’ म्हणायच्या. मला ‘अजून थोडं खोल’.

काकांच्या वावरातला अकरा नंबरचा खड्डा सगळ्यात वाईट. वरचा थर लोण्यासारखा मऊ आणि खाली दगडच दगड. मला दीड तास लागला. तळहाताला तीन फोड आले.

“दुखतंय का गं?” राखीने विचारलं.

“नाही, गुदगुल्या होऊन राह्यल्या.”

चार महिन्यांनी, जानेवारीत, मॅडम नकाशा घेऊन शाळेत आल्या. त्यांनी समजावून सांगितलं ते मला एका दमात कळलं. जीवाणू एकच असला तरी त्याचे प्रकार असतात. त्याच्या जनुकांमधले सात तुकडे वाचायचे, म्हणजे तो कोणत्या प्रकारचा हे कळतं. प्रत्येक प्रकाराला त्यांनी एक रंग दिला होता. काकांच्या अंगातला जीवाणू निघाला जांभळा. तो ज्या मातीत सापडेल, तिथून तो आला असणार.

जांभळे ठिपके दोनच होते. एक बारा नंबरचा, धरणाच्या खालचा पाझर तलाव. दुसरा अकरा नंबर, काकांचं टेकडावरचं वावर, तलावापासून चार किलोमीटर. मधल्या एकाही वावरात काही नाही.

मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. “हे शक्य नाही. तलावाचं पाणी टेकडावर चढत नाही. काका सांगतात, तलावावर ते कधी गेलेच नाहीत. अकरा आणि बारा एकाच दिवशी घेतले होते. चिठ्ठीत चूक झाली असणार.” मग राखीकडे वळल्या. “एकाच तलावाची माती दोन पिशव्यांत भरली गेली का गं?”

राखीचे डोळे भरले. पुणं गळालं सगळं. “नाही हो मॅडम, मी नीटच लिहिलं होतं… मले आठवते…”

मले! आता खरं सांगते, माझ्या मनात लाडू फुटले. कारण बुलढाण्याला जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात हा नकाशा घेऊन एकीनेच जायचं होतं, आणि आमच्या विज्ञानाच्या सरांनी राखीचं नाव ठरवलं होतं. सर लगेच म्हणाले, “मग धम्मशीलाचं नाव टाकू. फॉर्म उद्या जाते.”

मला फक्त गप्प बसायचं होतं. बस, तेवढंच.

मॅडमनी खोडरबर काढलं. “अकरा नंबर सध्या काढूनच टाकते.”

अकरा नंबर काढतात? माझा अकरा नंबर? तीन फोडांचा, दीड तासाचा? राखीची चिठ्ठी खोटी ठरली तर माझा खड्डाही खोटा ठरत होता. तिच्याबरोबर मलाही पुसत होत्या. आणि तो ठिपका खरा होता, कारण मला तो मऊ थर आठवला. टेकडावर अशी माती असतेच कुठे? ती तर आमच्या बाबांनी आणली होती. दोन उन्हाळ्यांपूर्वी तलाव आटला, तेव्हा काकांनी टेकडावर टाकायला गाळ मागवला. बाबांच्या ट्रॅक्टरने त्या मुरमावर बावीस ट्रॉल्या टाकल्या. मी सुट्टीत ट्रॉलीवर बसून आरडाओरडा करत जायची. माती घेताना मॅडम भरायच्या त्या फॉर्मात पीक, पाणी, जनावरं, शेणखत, युरिया, सगळ्याचे रकाने होते. गाळाबद्दल कोणीच विचारलं नाही.

आणि काका अजून अनवाणीच चिखलात उतरतात.

“मॅडम,” मी म्हणाले, आणि घाईत माझं पण सगळं वऱ्हाडीच आलं, “चिठ्ठी बरोबर हाये. खोडू नका. काका तलावावर गेले नाहीत, तलावच त्याइच्याकडे आला. आमच्या बाबाच्या ट्रॉलीत बसून. मी पाह्यलं ना, मी वरतं बसली होती!”

मॅडमनी खोडरबर खाली ठेवलं आणि दहा मिनिटं मला प्रश्न विचारले. कुठून, कधी, किती, आणखी कोणाकोणाच्या वावरात? मी सगळं सांगितलं. एकदाही ‘अजून थोडं खोल’ म्हणाल्या नाहीत.

मग सर म्हणाले, “म्हणजे राखीची चूक नव्हती. तिचं नाव राहू द्या.”

बघा! अशी मी शहाणी.

बाहेर राखीने माझा हात धरला. “तू काऊन सांगितलं बे? तुले तं जायला भेटत होतं.”

“तुह्यासाठी नाही सांगितलं,” मी म्हणाले. “हात सोड. फोडाच्या जागी दुखते.” चार महिन्यांपूर्वीचे फोड कुठले दुखणार! पण ती हसली, आणि मलाही हसू आलं, त्याचा मला फार राग आला.

दोन दिवसांनी बाबांनी गाळ टाकलेल्या पाचही घरी जाऊन सांगितलं. काल पंजाबराव काका रबरी बूट घालून घरावरून गेले आणि ओरडले, “काय वं पोरी, तुह्या पायी मले साहेब व्हा लागलं!”

आज दुपारी बुलढाण्याहून राखीचा फोटो आला. दोन वेण्या, इस्त्रीचा गणवेश, आणि एक बोट बरोबर अकरा नंबरवर. अक्षर खरंच छान आहे तिचं, जळो. मी फोटो मोठा केला, बोटं ताणून ताणून, इतका की राखी बाहेर गेली आणि पडद्यावर नुसता जांभळा ठिपका उरला.