धुराड्याला धूर नाही

साखरबाई गेल्याचा फोन आला तेव्हा गुऱ्हाळातल्या काहिलीतला उसाचा रस पाकावर आला होता. अशा वेळी काहील सोडून कुणी जात नाही. थोडं चुकलं की गूळ करपतो. मी एका हाताने फोन धरला होता, दुसऱ्या हाताने ढवळत होतो. पलीकडून माझी मुलगी सुकन्या बारामतीच्या दवाखान्यातून सांगत होती, "आबा, आई गेली."

मी म्हणालो, "बरं." आणि ढवळत राहिलो.

शेवटी बिरदेवाने माझ्या हातातला दांडा काढून घेतला. बिरदेव आमच्या गुऱ्हाळात काहिलीखालच्या चुलाणाला जाळ घालतो. "तुमी जावा तात्या, मी बघतो," तो म्हणाला. त्याने बघितलं ते असं, की काहील लवकर उतरावी म्हणून चुलाणात उसाची ओली चिपाडं कोंबली आणि वर ट्रॅक्टरचा जुना टायर टाकला.

आमचं घर गुऱ्हाळाला लागूनच आहे. साखरबाईला घरी आणलं तेव्हा अंगणात माणसाला माणूस दिसत नव्हता. सगळे रडत होते. कोण दुःखाने रडतंय आणि कोण धुराने, हे देवालाही सांगता आलं नसतं. माझा मेहुणा आप्पा भिगवणच्या मासळी बाजारात लिलाव पुकारतो. स्वतःच्या बापाच्या मयतीला त्याच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं. तो त्या दिवशी असा रडला की बायका एकमेकींना कोपराने ढोसून दाखवत होत्या.

"बहिणीवर लई जीव हुता बघा," एक म्हणाली.

"जीव हुताच," आप्पा खोकत म्हणाला, "पर आधी त्यो टायर इझवा!"

मला हसू फुटलं. तोंडावर उपरणं धरलं. लोकांना वाटलं मी हुंदके देतोय. दोन्ही चालू होतं. साखरबाई असती तर माझ्या आधी ती हसली असती.

तो धूर जळोचीकडच्या नव्या वसाहतीत गेला आणि तिथल्या गॅलऱ्यांमधले कपडे काळे झाले. त्यांना काय माहीत, इथे मयत आहे. त्यांनी तक्रार केली. दहावा करून परत आलो तर दाराला प्रदूषण मंडळाची नोटीस चिकटवलेली. संक्रांत झाल्यावर साहेब चालू चुलाण बघायला येणार, आणि धूर असाच निघत असला तर गुऱ्हाळ बंद.

"बंद झालं तर माझ्याकडे या राहायला," सुकन्या म्हणाली. ती बारामतीत दुसऱ्या मजल्यावर राहते.

"तितं काय करू? गॅलरीत ऊस लावू?"

"आराम करा."

"आन आराम झाल्यावर?"

बायको गेली होती. गुऱ्हाळही गेलं तर सकाळी उठून कुठे जायचं, हे मला माहीत नव्हतं.

सुकन्या दुधाच्या पावडरीच्या कारखान्यात बॉयलरवर काम करते. सुट्टीच्या दिवशी ती आली आणि ओढणी कमरेला खोचून धुराड्याभोवती फिरली. "आबा, धूर म्हणजे न जळलेलं जळण. तुमचं निम्मं जळण वर चाललंय. आमच्याकडे धुराड्याची ऊब फुकट सोडत नाहीत. तिच्यावर आधी पाणी तापवून घेतात. तुम्ही रस तापवा."

मग काम निघालं. चिपाडं खडखडीत वाळल्याशिवाय चुलाणात जायची नाहीत. त्यांच्यावर पत्र्याचं छप्पर. चुलाणाच्या तळाला लोखंडी जाळी, बाजूंना हवेसाठी भोकं. आणि चुलाण नि धुराडं यांच्या मधल्या वाटेवर दुसरी एक काहील, म्हणजे जाता जाता त्या उबेवर रस तापेल. टायर तर गावाबाहेर.

बिरदेव बघत उभा राहिला. "बारशाला पोरांचं कान टोचत्यात," तो म्हणाला, "तू चुलाणाचं टोचाय लागलीस व्हय गं?"

"काका, जाळ लावा आणि बघा."

आमच्याच शेतातला ऊस घालून जाळ लावला. आधी थोडा पांढरा धूर आला, मग तोही गेला. धुराड्याच्या तोंडाशी नुसती हवा थरथरत होती. काहील नेहमीपेक्षा लवकर उतरली आणि चिपाडांचा ढीग निम्मासुद्धा संपला नव्हता. बिरदेव तीनदा बाहेर जाऊन धुराडं बघून आला. "आयला, आत एवढा जाळ आन वर काय न्हाय," म्हणत त्याने चक्क फुगडी घालायला माझे हात धरले. या वयात दोन गिरक्या घेतल्या आणि दोघंही चिपाडांत पडलो.

साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते. त्यांना दाखवायला चुलाण चालू पाहिजे, आणि चुलाणाला ऊस पाहिजे. आमचा ऊस तर संपला होता. पण त्याची काळजी नव्हती. इंदापूरच्या रस्त्याने येणारे शेतकरी रोज ऊस घेऊन वळतातच.

दुपार झाली तरी कुणी वळलं नाही. उसाने भरलेले ट्रॅक्टर समोरून पुढे जात होते. बिरदेवाने हात केला तर लोक लांबूनच हात जोडून जात होते, मान हलवत, वाईट वाटल्यासारखं.

"ही हात का जोडत्यात?" मी बिरदेवाला विचारलं.

त्याला माहीत नव्हतं. ते कळलं आप्पा आल्यावर. जीप भरून माणसं घेऊन तो आला. जीप थांबायच्या आतच उडी मारून त्याने असा हंबरडा फोडला की वडावरचे बगळे उडाले. "दाजी! अक्काच्या मागं लगीच निघालासा व्हय वो!"

मी चिपाडांमागून उठलो. "निघालो न्हाय. हितंच हाय."

आप्पाचं तोंड उघडंच राहिलं. मग तो चिडला. "मग धुराड्याला धूर का न्हाय?"

आमच्याकडे फोन करून विचारायची पद्धत नाही. मान वर करून बघायची पद्धत आहे. धूर दिसला की गुऱ्हाळ चालू. नाही दिसला, ऐन हंगामात, बायको नुकतीच गेलेल्या माणसाचं चुलाण थंड, म्हणजे तोही गेला. मयताच्या घरी जाळ लावत नाहीत हे कुणाला सांगावं लागत नाही. मासळीच्या टेंपोवाल्याने थंड धुराडं बघितलं आणि भिगवणला जाऊन मला मारलं. आप्पाच्या बायकोने तर दुखवट्याच्या घरी न्यायचं म्हणून भाकरी-पिठलंसुद्धा करून दिलं होतं.

"आता आणलंच हाय तर खावा," आप्पा म्हणाला. माझ्या मयतीचं पिठलं मी ताज्या गुळाबरोबर खाल्लं. चांगलं झालं होतं. सुकन्या हसून हसून खाली बसली आणि मग रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"पर ऊस कसा येणार?" बिरदेव म्हणाला. त्याने इकडे तिकडे बघितलं. "तात्या, एक टायर. धा मिनटं. सगळा मुलूख गोळा हुतोय बघा."

"उद्या साहेब येणारेत काका!"

"साहेब उद्या हायती. धूर आज जाईल."

आप्पालाही ते पटलं होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगतो, टायर मला सोपा वाटला. पण वसाहतीतल्या गॅलऱ्यांमध्ये त्या वेळी कपडे वाळत होते. आणि उद्या परत ऊस पाहिजे झाला तर? परवा? रोज एक टायर?

"टायर न्हाय," मी म्हणालो. "आप्पा, तुजा आवाज किती लांब जातो?"

"उजनीच्या पल्याड."

त्याला रस्त्याच्या कडेला उभा केला. हातात गरम गुळाची परात दिली. आप्पाने घसा साफ केला आणि लिलाव सुरू केला. "या या या! जित्तं गुऱ्हाळ, जित्ता मालक! बिनधुराचा गूळ! खाऊन बघा, मालकाला चिमटा काढून बघा!"

पहिला ट्रॅक्टर थांबला. ड्रायव्हरने गूळ खाल्ला, आत आला आणि खरोखर मला चिमटा काढला. "व्हय की," तो म्हणाला आणि ट्रॅक्टर वळवला. त्याच्या मागचा वळला. संध्याकाळपर्यंत रांग लागली आणि आप्पाचा आवाज बसला. माझा दंड चिमट्यांनी लाल झाला होता.

सकाळी साहेब आले तेव्हा दोन्ही काहिली उकळत होत्या. ते गाडीतून उतरले, धुराड्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "चालू कधी करणार?"

"चालूच हाय साहेब," बिरदेव म्हणाला.

साहेबांनी चुलाणात वाकून बघितलं आणि झटकन मागे आले. भुवया थोड्या करपल्या असाव्यात. मग त्यांनी धूर मोजायचं यंत्र लावलं, सुकन्येला बरंच विचारलं आणि शेवटी म्हणाले, "धुरासाठी गुऱ्हाळ बंद करायची गरज नाही."

बिरदेवाने परत फुगडीसाठी हात पुढे केले. साहेबांकडे.

साहेब जाता जाता थांबले. "रसाची मळी आणि काहिली धुतलेलं पाणी कुठे सोडता?" आम्ही सगळ्यांनी ओढ्याकडे बघितलं. "त्याचंही करा काहीतरी. पुढच्या हंगामात तेच बघायला येईन," ते म्हणाले.

गाडी गेल्यावर मी आत साखरबाईला सांगायला म्हणून उठलो. चार पावलं गेलो आणि परत येऊन बसलो.

पाणी अजून ओढ्यातच जातं. मळीसाठी खड्डा खणायचा राहिला आहे.