अर्ध्या तासाचा मंत्र

कुंडलिक दाजींच्या बैठकीच्या खोलीत त्या दिवशी चाळीस माणसं आणि साठ गोणी कांदा होता. जागा नव्हती म्हणून माणसं कांद्यावर बसली होती. समोर टेबलावर कॉम्प्युटर होता. त्याला हळदीकुंकू लावलेलं, गळ्यात झेंडूचा हार, अंगावर दाजींच्या आईने, धोंडाबाईंनी, विणलेलं जाड झाकण. तो नुकताच बंद पडला होता, आणि त्याच्यापुढे मठातले जानकू महाराज डोळे मिटून ओरडत होते.

"ऊठ रं, करंटवाल्या! सोड, सोड, मशीनला सोड! फट् स्वाहा!"

हे अर्धा तास चाललं. मग महाराजांनी बटण दाबलं. मशीन घुरघुरलं, पडद्यावर चित्र आलं आणि खोलीतल्या सगळ्या बायकांनी हात जोडले.

मी भरत. आळेफाट्यावर पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं रिवायंडिंग करतो. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. बहिणीने निरोप धाडला म्हणून मी दुकान टाकून आळ्याला आलो होतो. निरोप एवढाच होता की, स्नेहलचं कॉलेज बंद करतायत.

माझी भाची स्नेहल नारायणगावला कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होती. साल दोन हजार चार. शनिवारी प्रोजेक्ट द्यायचा होता, तो याच मशीनमध्ये अर्धवट पडलेला, आणि ती बसली की वीस-पंचवीस मिनिटांत मशीन फटकन बंद पडायचं. दाजी पाच मिनिटं पत्ते खेळायचे तेव्हा मात्र काही होत नसे. महाराजांना एवढा पुरावा पुरला.

"पोरीच्या हातात दोष हाय," ते म्हणाले. "शिक्षाण थांबवा. मशीन अमावास्येला मठात आणून ठेवा. आमी सांभाळू."

मठात नुकतीच वीज आली होती, हे मला ठाऊक होतं.

"दाजी," मी म्हणालो, "आता तुमी बसा पत्ते खेळायला. तासभर."

"तासभर? बरं," दाजी म्हणाले. त्यांना तेवढंच हवं होतं.

ते तीन डाव हरले. चौथ्यात एक्का सापडला आणि तेविसाव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

"अरं तिच्या!" दाजी उठलेच.

"आता दोष कुणाच्या हातात?" मी विचारलं.

महाराज जराही डगमगले नाहीत. "पोरीची सावली पडली."

"ती मागं गोठ्यात हाय."

"सावलीला भिंत आडवी येत न्हाई."

महाराज पुन्हा मांडी घालणार, तेवढ्यात मी त्यांना थांबवलं. पेपर उघडला आणि मंचर बाजाराचे भाव मोठ्याने वाचू लागलो. कांदा झाला, बटाटा झाला, मेथी-कोथिंबीर झाली. अर्ध्या तासाने बटण दाबलं. मशीन सुरू. धोंडाबाईंनी सवयीने मला हात जोडले.

"जानकू," मी म्हणालो, "महाराज व्हायच्या आधी तू जीप चालवायचास ना? घाटात इंजिन तापलं की काय करायचास?"

तो पुढ्यातला नारळ चाचपू लागला. मागून शेजारच्या लंकाबाई बोलल्या, "काय करतोय? बॉनेट उघडून बिडी वढत बसायचा. अर्ध्या तासात गाडी चालू! मी लई येळा बसलीय त्या गाडीत."

मी स्नेहलला हाक मारली. मघाशी महाराजांनी तपासायला बसवलं तेवढं सोडलं, तर आठ दिवस तिला मशीनला हात लावू दिला नव्हता. तिने मशीन पुन्हा चालू करता करता एक बटण दाबून धरलं आणि निळ्या पडद्यावर आकडे आणले. "मामा, हे आतलं तापमान." एकोणसत्तर. सगळे बघत राहिले. पंचाहत्तर, ब्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. नव्वदीला मशीन बंद. "आतला भाग जळू नये म्हणून ते आपलं आपण बंद हुतं," ती म्हणाली.

मी वायर काढली, चार स्क्रू काढले, पत्रा बाजूला केला. आतला पंखा दिसेचना. कांद्याच्या वाळलेल्या टरफलांनी तो गच्च भरला होता आणि वर उदबत्तीची काजळी. अवकाळीच्या भीतीने यंदा कांदा घरात आणला, बायका छताचा पंखा लावून तिथेच निवडायला बसल्या. उडालेली टरफलं मशीनने आत ओढली. गरम हवा बाहेर टाकायची भोकं धोंडाबाईंच्या झाकणाने बुजवली.

रंगाच्या ब्रशने सगळं साफ केलं. झाकण काढलं, हार काढला, मशीन कांद्यापासून लांब ठेवलं. स्नेहल कामाला बसली. तास झाला, दोन तास झाले, मशीन चालूच. दरम्यान महाराज निघून गेले. नारळ न्यायला मात्र विसरले नाहीत.

दाजी लेकीच्या मागे उभे होते. ती पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "आप्पा, मशीन बंद पडलं ते टरफलांनी. पण माझ्या हातात दोष हाय हे तुमी एका दिवसात कसं काय मानलं?"

दाजींनी काढून ठेवलेलं तिचं दप्तर आणून टेबलाजवळ ठेवलं. मला त्यांचा फार राग आला होता, पण त्यांचा चेहरा बघून मी झाडू घेऊन टरफलं लोटू लागलो.

शनिवारी ते स्वतः तिला जीपने नारायणगावला घेऊन गेले. प्रोजेक्ट वेळेत पोचला.

मशीन बंद पडलं तर हात लावून बघा, गरम आहे का. गार होऊ द्या. किती वेळाने बंद पडतं ते घड्याळात बघा, दुसऱ्याला बसवून बघा, मग उघडा. याला मंत्र लागत नाही, अर्धी दुपार लागते. आणि यातलं काहीही न करता कुणी घरातल्या पोरीकडे बोट दाखवलं, तर तिचं दप्तर काढून घेण्याआधी त्याला एवढंच विचारा, की बाबा, तू उघडून बघितलंस का?