मर्सीच्या घरचा चहा

"साखर आहे का गं जरा?" क्लेमंटने विचारलं आणि चमचा हातात धरून तो वाट पाहत बसला.

"नाही," एनिड म्हणाली. "आमच्याकडे नसते."

"संपली का?"

"संपायला आणावी लागते. आणतच नाही आम्ही."

ऐंशीच्या घरातल्या क्लेमंटने चमचा बशीत ठेवला आणि गुडघ्यावरची कातडी पिशवी सावरली. मौन बसून प्रार्थना करणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या गावातल्या मंडळीचा तो चिटणीस होता. तीन आठवडे जुन्या वह्या चाळून आज तो उत्तर घेऊन आला होता. ते उत्तर सांगायला मात्र तो काही केल्या तोंड उघडत नव्हता. पावसाबद्दल बोलून झालं, गुडघ्यांबद्दल बोलून झालं. दोघांच्या मधोमध टेबलावर हिरव्या रंगाचा एक डबा होता आणि त्यावर भांडी पुसायचं धुतलेलं फडकं घातलेलं होतं. डब्यात एनिडच्या आईची, आयव्हीची राख होती.

आईला जाऊन महिना होत आला होता. एनिडला अजून रडू आलं नव्हतं. चौथ्या दिवशी ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामावर रुजू झाली आणि दोनशे पोरांसाठी दूधभाताची खीर ढवळत उभी राहिली. बरोबरच्या बायकांनी पाठीवरून हात फिरवले. एनिडला काहीच वाटलं नाही, आणि काही वाटत नाही याचीच तेवढी लाज वाटली.

आईची इच्छा एकच होती. क्वेकरांच्या जुन्या दफनभूमीत, जोसाया थॅकराच्या मातीत आपली राख जावी. तो आपला खापरखापरपणजोबा, असं तिने आयुष्यभर सांगितलं. जोसाया थॅकराचं नाव त्या यॉर्कशरच्या खोऱ्यात शेंबड्या पोराला ठाऊक. धंद्याने खोगीर शिवणारा. दोनशे वर्षांपूर्वी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध हा माणूस दारोदार पायपीट करत हिंडला. गुलामांच्या घामावर पिकलेली साखर घरात आणणार नाही, अशा सह्या त्याने वहीत गोळा केल्या. सभाघराच्या भिंतीवर त्याच्या नावाची पाटी आहे आणि पाटीवर लिहिलंय की त्याच्या दारातून कोणी विन्मुख गेलं नाही. आयव्ही सात वर्षांची असताना 'तो आमचा' असं वर्गात म्हणाली, तेव्हा बाई खोऱ्यात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने हसल्या होत्या. ते हसणं आयव्ही ऐंशी वर्षं विसरली नाही.

पण त्या भूमीत आता फारशी जागा उरली नव्हती. मंडळीतल्या जुन्या घराण्यांपैकी असेल, तेही कागदावर सिद्ध होत असेल, तरच तिथे राख ठेवू देत. एनिडकडे कागद नव्हता. होतं ते आईचं तोंडी सांगणं.

सकाळीच भावाचा, रॉयचा फोन येऊन गेला होता.

"अगं, तिला तिथे कशाला नेतेस? तासतासभर गप्प बसतात ती माणसं! आपली आई जन्मात कधी गप्प बसली होती का?"

"तिची इच्छा होती रॉय."

"मग ठीक. मेल्यावर तरी जमतंय का बघू म्हणावं." तो हसला, आणि मग हसता हसता त्याचा आवाज फुटला. "काय म्हणतो तो म्हातारा ते कळव गं ताई." एनिडने बरं म्हटलं, फोन ठेवला आणि क्लेमंट येणार म्हणून दोन कप धुतले.

"क्लेमंट," ती आता म्हणाली, "नाही सापडलं तर तसं सांगा. मी काही कोसळणार नाही."

"सापडलं," क्लेमंट म्हणाला. "तेच तर."

त्याने पिशवीतून दोन कागद काढले. पहिल्यावर त्याच्या थरथरत्या अक्षरात वरपासून खालपर्यंत नावं होती, सगळी बायकांची, आईखाली लेक आणि तिच्याखाली तिची लेक. तळाशी आयव्ही होती. सगळ्यात वर मर्सी होती, जोसायाची थोरली मुलगी.

"आमच्या जन्मांच्या वहीत मर्सी आहे. मृत्यूंच्या वहीत नाही, लग्नांच्या वहीतही नाही. मला वाटलं, लहानपणीच गेली असेल आणि लिहायचं राहिलं असेल. मग गावच्या चर्चच्या नोंदी पाहिल्या. तिथे तिचं लग्न सापडलं. शिशाच्या खाणीतल्या एका माणसाशी. आमच्यातला नव्हता तो. पाद्र्यासमोर लागलं लग्न." क्लेमंट थांबला. "तेव्हा असं केलेलं चालत नसे आमच्यात."

"मग?"

"मग सभेच्या ठरावांची वही उघडली." त्याने दुसरा कागद, त्या पानाची छायाप्रत, तिच्याकडे सरकवला. "तूच वाच. माझ्याच्याने मोठ्याने वाचवत नाही."

एनिडने चष्मा लावला. जुनं, तिरकं, सुबक अक्षर होतं. तारीख त्यांच्या रिवाजाप्रमाणे, महिन्याचं नाव न घेता: चौथ्या महिन्याचा नववा दिवस, १७९४. मर्सीने मंडळीबाहेर लग्न केल्याचं कळल्यावरून दोघा जणांना तिच्या घरी पाठवण्यात आलं. तिने त्यांना आदराने बसवून घेतलं, परंतु आपली चूक तिला चूक वाटत नाही. सबब आजपासून ती आपल्यातली नाही. खाली चिटणिसाची सही होती.

ती सही एनिडने ओळखली. सभाघराच्या भिंतीवरच्या पाटीत तीच कोरलेली होती.

"बापानेच?"

"तोच चिटणीस होता तेव्हा. मी ज्या खुर्चीत बसतो, त्याच."

एनिडने कागद नीट दुमडून घडीवर नख फिरवलं. आईने ऐंशी वर्षं जो पुरावा मागितला तो मिळाला होता, आणि तो असा होता. आई त्याची होती. त्यानेच हाकललेल्या लेकीच्या वंशातली होती. आपल्याला राग यायला हवा असं एनिडला वाटलं. पण राग काही आला नाही. बरं झालं आईला वाचायला मिळालं नाही, एवढंच मनात आलं.

"काल सभेपुढे ठेवलं मी," क्लेमंट घाईने म्हणाला. "सगळ्यांनी एकमताने होकार दिलाय. आयव्हीला जागा मिळेल. ते दिवस गेले गं. आता कोणी कोणाला काढत नाही."

"बरं."

क्लेमंटने सवयीने चमचा उचलला, परत ठेवला आणि कपाकडे बघत राहिला.

"एनिड, तुमच्याकडे साखर का नाही आणत?"

"नाही घालत आमच्यात चहात. शाळेत मी पोतीच्या पोती रिकामी करते. पण घरात नाही. आजी तर लढाईच्या दिवसांत कूपनावरची साखर शेजारणीला द्यायची आणि बदल्यात अंडी घ्यायची. रॉयने लग्न झाल्यावर सुरू केली, तर आई त्याच्या घरी वर्षभर चहा प्यायली नाही."

"पण का?"

"आई म्हणायची, आपल्यात नाही. तिच्या आईने तिला तेवढंच सांगितलं होतं."

क्लेमंटने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि सभेत बसावं तसा बसून राहिला. या गप्प बसण्याची त्याला सवय होती. एनिडलाही ते जड गेलं नाही.

"जोसायाच्या त्या सह्यांच्या वहीत पहिली सही मर्सीची आहे," तो शेवटी म्हणाला. "एकोणीस वर्षांची होती. पुढे गुलामी उठली, तेव्हा आमच्या सभेत ठराव झाला की आता साखर घ्यायला हरकत नाही. घरोघर निरोप गेला. मी स्वतः दोन चमचे घेतो." त्याने चमचा बशीच्या कडेला सरकवला. "तिच्या घरी निरोप कोण नेणार? ती आमच्यात नव्हती."

एनिडने डब्यावरच्या फडक्याचा कोपरा सारखा केला. मग पुन्हा सारखा केला. डोळे भरून आले होते, आणि ते पुसायला तिने हात उचलला नाही.

क्लेमंटने पिशवीतून दफनांची वही काढली आणि पेनाचं टोपण उघडलं. आयव्हीचं नाव लिहिलं, तारीख आकड्यांत लिहिली. पुढचा रकाना घराण्याचा होता. जोसायाच्या नावाचं पहिलं अक्षर लिहायला त्याने पेन टेकवलं.

"त्याचं नको," एनिड म्हणाली.

त्याने वर पाहिलं.

"मर्सीचं लिहा. आई मर्सीच्या घरातली."

"या वहीत मर्सी नाही एनिड."

"म्हणून तर."

क्लेमंटने मान खाली घातली आणि सावकाश, एकेक अक्षर लावत नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली. मग त्याने कप पुढे ओढला आणि गार झालेला चहा तसाच, तळापर्यंत प्यायला.

"अजून घ्याल?" एनिडने विचारलं.

"घेईन," तो म्हणाला.

ती किटली ठेवायला उठली.