साक्षीचा हात

संग्रहालयात त्यांना सगळे पेटीकाका म्हणत. मूर्ती हलवायची म्हटली की तिच्या मापाची लाकडी पेटी करायची, आत फोम बसवायचा आणि मूर्ती जागेवर पोचेपर्यंत तिची पाठ सोडायची नाही, हे त्यांचं एकोणीस वर्षांचं काम. वरच्या मजल्याची दुरुस्ती निघाली होती. सगळ्या मूर्ती तळघरात न्यायच्या होत्या आणि दर फेरीला कार्यालयातलं एक माणूस यादी घेऊन सोबत हवं, असा साहेबांचा हुकूम होता. त्या दुपारी यादी घेऊन आली ती मूर्तींखालच्या पाट्या लिहिणारी. म्हणजे काकांची सून. वर्षापूर्वी ती घर सोडून गेली होती आणि आता कोर्टात घटस्फोटाचा खटला चालू होता.

एरवी दोघं समोरासमोर आली की एकजण भिंतीकडे बघे. मालाच्या लिफ्टमध्ये तेवढीही सोय नव्हती. मधोमध पेटी, तिच्यात मांडी घालून बसलेले दगडी बुद्ध, एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला ती. जागेत मावावी म्हणून पेटीची पुढची फळी लावली नव्हती. दार बंद झालं, लिफ्ट थोडी खाली गेली, खडखडली आणि थांबली. दिवा गेला. कोपऱ्यातला छोटा पिवळा दिवा तेवढा लागला.

तिने घंटा दाबली. वरून लिफ्टवाला ओरडला, "घाबरू नका! मेकॅनिकला फोन केलाय, तासाभरात येतो!"

"तासाभरात?" तिने वर बघून विचारलं.

"दीड धरा!"

जन्मभर पेट्या करणाऱ्या माणसाला बंद जागेची भीती वाटते, हे काकांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. लिफ्टचा प्रवास ते मनातल्या मनात आकडे मोजून काढायचे. चाळीसला दार उघडायचं. आज शंभर झाले, दोनशे झाले. मानेवरून घामाचा ओघळ आत उतरला.

"खाली बसा," ती म्हणाली. वर्षभरातलं तिचं त्यांच्याशी पहिलं वाक्य. "वरचं बटण काढा."

"मला काही होत नाहीये."

"बरं, नाही होत. पण बसा. आणि बुद्धांच्या हातावर हात ठेवा, दगड गार आहे."

"साहेबांनी बघितलं तर?"

"साहेबांना आत यायला दीड तास आहे."

काकांना नको असताना हसू आलं. त्यांनी मूर्तीच्या उजव्या हातावर तळवा टेकला. गुडघ्यावरून खाली सोडलेला, बोटं जमिनीकडे गेलेला हात.

"हा हात फार छळतो," ते म्हणाले. बोलत राहिलं की श्वास जरा सापडत होता. "मांडीवर एकात एक ठेवलेले असले की त्रास नाही. वर उचलला असेल तर पंजाला मागून आधार दिला की झालं. याचं मधलं बोट मात्र सगळ्यात पुढे. फोम जरा घट्ट झाला की टोक गेलंच."

"तो असा का, कधी विचारलं नाहीत?"

"मला मापाशी काम."

"मांडीवरचे ते ध्यानाचे. वर उचललेला, तळवा समोर, तो म्हणतो भिऊ नका. आणि हा भूमीला लावलेला." पाहुण्यांना सांगायच्या सवयीने ती सांगू लागली. "झाडाखाली बसले होते. ध्यान मोडायला मार, तो मोहाचा राजा, सैन्य घेऊन आला. म्हणाला, या जागेवर बसायचा तुला काय अधिकार? माझ्या बाजूने बोलायला हे एवढे उभे आहेत, तुझा साक्षीदार कोण? यांच्या बाजूने तर एकही माणूस नव्हता. मग उजवा हात खाली नेला, जमिनीला बोटं लावली. हिला विचार, म्हणाले."

"मग?"

"जमीन बोलली," ती म्हणाली.

काकांनी हात मागे घेतला. वर्षापूर्वी दिवाणखान्यात सात नातेवाईक बसले होते. ती म्हणाली होती, हा मला खोलीत कोंडतो. एका रविवारी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कोंडलं. मुलगा हसला होता, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणाला होता. काकांचे मोठे भाऊ त्यांच्याकडे वळले होते, "तू घरातच होतास ना? काही ऐकलंस?" आणि काका म्हणाले होते, "मी कामात होतो."

लिफ्टने अचानक वीतभर गचका खाल्ला. काकांनी पेटीची फळी दोन्ही हातांनी धरली. "उघडा!" ते ओरडले. "कोणीतरी दार उघडा!"

ओरडले आणि थबकले. हेच शब्द त्यांनी त्या रविवारी भिंतीपलीकडून ऐकले होते, आणि रंधा आणखी जोरात चालवला होता.

काकांनी फळी हळूहळू सोडली. मग काका म्हणाले, "खोलीची बाहेरची कडी मी बसवली होती. वाऱ्याने दार आपटतं म्हणाला तो. त्या बाजूला वारा नसतो, मला ठाऊक होतं."

"माहीत आहे. तुमच्या स्क्रूंच्या खाचा नेहमी एका रेषेत असतात."

"मी ऐकलंही होतं."

"तेही माहीत आहे. रंधा मध्येच थांबला होता. मला वाटलं, आता येतील. मग तो पुन्हा सुरू झाला."

"माझं चुकलं गं पोरी."

"मला सांगून काय होणार?" तिचा आवाज चढला नाही. "सोमवारी तारीख आहे. सांगायचं तर तिथे सांगा."

मेकॅनिकने दार उचकटलं तेव्हा बाहेरची फरशी छातीच्या उंचीवर होती. तिने आधी यादी वर दिली, मग मेकॅनिकचा हात धरून स्वतः वर चढली आणि निघून गेली. पेटी घसरू नये म्हणून काका आतच धरून उभे राहिले, आणखी अर्धा तास.

सोमवारी ते कोर्टात उभे राहिले. कडी, रविवार, रंधा, सगळं सांगितलं. मुलाच्या वकिलाने विचारलं, "एक वर्ष गप्प होतात. आजच कसं आठवलं?"

"आठवत रोज होतं," काका म्हणाले. "सांगितलं नाही."

बाहेर मुलाने त्यांना गाठलं. "तुम्ही माझे बाप आहात की तिचे?" संध्याकाळी तो बॅग भरून मित्राकडे राहायला गेला. बायकोने तीन दिवस तोंडाला कुलूप लावलं. ताट समोर ठेवायची आणि आत जायची.

चौथ्या दिवशी ती आपलंही ताट घेऊन समोर बसली.

"मलाही ऐकू यायचं," ती म्हणाली. "मी मिक्सर लावायचे."

काकांनी घास ताटात परत ठेवला.

"पुढच्या तारखेला मलाही बोलावतील?"

"बोलावलं तर येशील?"

ती उठली. ताटं उचलून मोरीत गेली आणि नळ पूर्ण सोडला. ताटं दोनच होती, पण ती बराच वेळ घासत राहिली.