कच्चं कॉर्नफ्लोअर

बोगोटाची बस साडेबाराची होती. लुसेरोची बॅग सकाळपासून दाराशी उभी होती आणि तिच्या आईने, सोराइदाने, ती तीनदा उघडून पाहिली होती. कॉर्नफ्लोअरचे डबे, मोजायचा चमचा, ग्लुकोजची पुडी, गजराची दोन घड्याळं.

"दोन कशाला गं?" लुसेरोने विचारलं.

"एक बंद पडलं तर?"

"मग तुझा फोन येईलच की. तू काय झोपणारेस का?"

सोराइदा हसली नाही. अठरा वर्षं या घरात कुणी ना कुणी या मुलीला वेळेवर हाक मारून कॉर्नफ्लोअर पाजलं होतं. आधी दर चार तासांनी, आता पाचांनी. बोगोटात ती एकटीच राहणार, तिथे हाक मारायला कोण होतं? एक वेळ चुकली तर काय होतं, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

लुसेरो लहानपणी गोबऱ्या गालांची, पुढे आलेल्या पोटाची होती. बाजारातल्या बटाटेवाल्या बायका म्हणायच्या, "काय गुटगुटीत! मास्तरीणबाई, घरी लोणी जास्त झालंय वाटतं!" मग डॉक्टरांनी त्या पोटावर हात ठेवून सांगितलं की ते यकृत आहे, सुजलेलं. जेवणातली साखर यकृत ग्लायकोजेन करून साठवून ठेवतं आणि पोट रिकामं झालं की पुन्हा साखर करून रक्तात सोडतं. हिच्या यकृतात साठा होतो, पण शेवटच्या पायरीवर अडतो. कणगी भरलेली आणि दाराला कडी. म्हणून बाहेरून साखर हळूहळू झिरपत राहील असं काहीतरी सतत द्यायचं. कच्चं कॉर्नफ्लोअर, गार पाण्यात कालवून.

सोराइदा शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. तिला ते लगेच कळलं. कच्च्या पिठाचा कण घट्ट असतो, आतडं तो सावकाश फोडतं. शिजवला की फुटून सैल होतो, साखर एकदम येते आणि एकदम संपते. ते इतकं उघड वाटलं, की ती शाळेत असताना लुसेरोला सांभाळणाऱ्या आपल्या मावशीसाठी कागदावर लिहिताना तिने "कच्चं" हा शब्दच लिहिला नाही. लिहिलं ते असं: बारा वाजता, चार चमचे, पाण्यात. दूध नाही, गूळ नाही.

मावशीने, म्हणजे उबाल्दिनाने, कागद शेजारणीकडून दोनदा वाचून घेतला. आणि या डोंगरात प्रत्येक बाई जे करते तेच केलं. पातेलं चुलीवर ठेवलं, दालचिनीची कांडी टाकली आणि दाट कोलादा, म्हणजे पिठाची गरम पेज, ढवळून चार वर्षांच्या पोरीला फुंकर घालून पाजला.

तीन वाजता शेजारीण धापा टाकत शाळेत आली. सोराइदा घरी पोचली तेव्हा लुसेरो घामाने भिजून मावशीच्या मांडीवर लुळी पडली होती. तिने बोटाने गालाच्या आत ग्लुकोज चोळलं आणि दवाखान्यापर्यंत मुलीला कवटाळून नेलं. ग्लुकोजचं सलाइन लागलं, तासाभराने पोरीने डोळे उघडले.

संध्याकाळी स्वयंपाकघरात ते पातेलं दिसलं. तळाला दालचिनी चिकटलेली.

"मावशी, हे काय केलंस?"

"तूच लिहिलंस ना पाण्यात म्हणून? दूध नको म्हणालीस, नाही घातलं. गूळ नको, नाही घातला. दालचिनीला नाही म्हणाली नव्हतीस." मग ती पातेल्याकडे बघत म्हणाली, "अगं, कच्चं पीठ माणसाला कोण देतं?"

मावशीने पातेलं घासून खिळ्याला अडकवलं, ते पंधरा वर्षं खाली आलं नव्हतं. सोराइदाच्या लहानपणी शाळेतून आलं की अंगणापासूनच दालचिनीचा वास यायचा. मावशी दोन्ही हातांत कप द्यायची, "आधी हात ऊब घेऊ देत" म्हणायची. तो वास या घरातून गेला, आणि त्याबद्दल दोघीही कधी बोलल्या नाहीत.

"मावशी," निघायच्या या सकाळी लुसेरो स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आज कोलादा कर."

मावशीच्या हातातला बटाटा थांबला. "तुझं डोकं फिरलंय का?"

"माझ्यासाठी नाही. आईसाठी. दूध घाल, गूळ घाल, सगळं घाल. तिचं यकृत ठणठणीत आहे."

"आगाऊ कार्टी," मावशी म्हणाली. पण उठली, खिळ्यावरच्या पातेल्यासाठी खुर्चीवर चढली.

"तू उतर, पडशील!" लुसेरोने पातेलं काढून दिलं.

दूध उकळलं, गूळ विरघळला. वास भिंतीला, पडद्याला, सोराइदाच्या स्वेटरला लागला. मावशीने कप तिच्या दोन्ही हातांत दिला. "आधी हात..." ती म्हणाली.

सोराइदाने घोट घेतला. खूप गोड, तळाशी गुठळ्या. अगदी तसाच. डोळे मिटून ती दुसरा घोट घेत होती तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले, लुसेरोच्या ग्लासाची वेळ. आज तिला हाक मारायची आठवणच राहिली नव्हती. तिने दचकून डोळे उघडले.

लुसेरो ओट्याशी पाठमोरी उभी होती. चमच्याने मोजून, सपाट करून, गार पाण्यात पांढरं पीठ कालवत होती. तोंड वाकडं करत तिने ग्लास एका दमात संपवला आणि विसळून पालथा घातला.

"गुठळ्या राहिल्या का गं?" मावशीने विचारलं.

"माझ्यात नाही," लुसेरो म्हणाली. "तुझ्यात आहेत."

सोराइदाने कप रिकामा केला. मग दाराशी जाऊन बॅग उघडली, दोनातलं एक घड्याळ काढून घेतलं आणि चेन लावली.